सुट्या भागाचा इतिहास



१ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, पहिली एस. टी. धावली, हे आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक आहे. त्या गाडीचे कौतुक पुष्कळ झाले व ते योग्यच होते. परंतु गाडी झिजल्यावर तिचे इंजिन कोणी खोलले, कोणता भाग काढला आणि त्या जागी कोणता बसविला, हा विचार सहसा कोणी करीत नाही. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण गॅरेजात आणि वाचनालयात झाले. म्हणून आज याच विषयावर बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

एका यंत्राचा भाग दुसऱ्या यंत्रास जसाच्या तसा बसावा, हे आज आपणांस स्वाभाविक वाटते. पण ते फार उशिरा साध्य झाले. पूर्वी कारागीर प्रत्येक बोल्टासाठी त्याचाच नट घडवीत असे. तो दुसऱ्या बोल्टास चालत नसे. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज कारागिराने आट्यांना एकच माप असावे अशी सूचना केली, तेव्हा ही अडचण दूर होऊ लागली. १९०८ साली इंग्लंडात ब्रुकलँड्स येथे अमेरिकेच्या तीन कॅडिलॅक मोटारी पूर्ण सुट्या केल्या, त्यांचे भाग एकमेकांत मिसळले आणि त्यांतून तीन मोटारी पुन्हा उभ्या करून प्रत्येकी ५०० मैल पळविल्या. कोठेही कानस लावावी लागली नाही. सुट्या भागाचे युग आले, हे जगाला त्या दिवशी पटले.

आपल्याकडे हे युग मळ्यातून आले. विहिरीवरची मोट गेली आणि ऑइल इंजिन आले. इंग्लंडातील डर्स्ली गावच्या लिस्टर कारखान्याचे मंदगतीचे इंजिन आपल्या शेतकऱ्याच्या परिचयाचे झाले. त्याच घाटणीची इंजिने पुढे राजकोटला होऊ लागली. १९१० पासून किर्लोस्करवाडीत नांगर करणाऱ्या किर्लोस्करांनी १९४६ साली पुण्यास ऑइल इंजिनांचा कारखाना काढला. १९७६ साली जायकवाडीचे धरण पुरे झाले आणि नाथसागराचे पाणी आपल्या तालुक्याच्या कडेला येऊन ठेपले. ते पाणी उचलायलाही इंजिनच हवे होते. पुढे विजेच्या मोटारीने त्याला बाजूस सारले, ही गोष्ट वेगळी.

इंजिने आली, तशी मापेही नाना तऱ्हेची आली. लिस्टरच्या सिलिंडराचा व्यास साडेचार इंच, म्हणजे ११४.३ मिलिमीटर. १९५६ च्या कायद्याने देशाने दशमान पद्धत स्वीकारली. पण जुनी इंजिने इंचातच राहिली. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ बोल्टाला इंचात बारा आटे असतात, अमेरिकन बोल्टाला तेरा. एकाचा नट दुसऱ्यावर दोन-चार फेरे जातो आणि अडतो. घाईचा मेस्त्री पान्याला पाइप लावून तो रेटतो, आटे मरतात. मोटारींतही तेच. टाटांच्या ६९२ इंजिनाचा व्यास ९२ मिलिमीटर, तर ६९७ चा ९७. नाव वाचले तरी माप कळते. पण नाव वाचायला कोणीतरी शिकवावे लागते.

खरी कसोटी पुढेच आहे. झिजलेला क्रँक घासून दहा थाऊ, म्हणजे इंचाचा शंभरावा भाग, बारीक केला, तर बेरिंगही दहा थाऊचेच हवे. वीसचे घातले तर क्रँक फिरत नाही. मूळ मापाचे घातले तर तेलाचा दाब पडतो आणि इंजिन ठोके देऊ लागते. दोन्ही बेरिंगे दिसायला सारखीच. फरक पाठीवरच्या शिक्क्यात. रिंगेचेही तसेच. ती नुसती सिलिंडरात सरकवून टोकांमधली फट मोजावी. व्यासाच्या दर इंचास तीन ते चार थाऊ हा सर्वसाधारण ठोकताळा. फट कमी पडली, तर रिंग तापून फुगते, टोके भिडतात आणि इंजिन जाम होते.

पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही अशाच एका प्रकरणात पडलो होतो. एका दुरुस्ती कारखान्यात नव्याने बांधलेले इंजिन दोन दिवसांत जाम झाले आणि बांधणाऱ्या कामगारास निष्काळजीपणाचे आरोपपत्र मिळाले. नोकरी जाण्याची वेळ आली होती. चौकशीच्या दिवशी आम्ही भांडारातून त्याच खेपेतला न फोडलेला रिंगांचा डबा मागविला, एक रिंग नव्या लायनरमध्ये बसविली आणि चौकशी अधिकाऱ्यांच्या हाती फिलर गेज दिले. सर्वांत पातळ पातेही फटीत शिरेना. आरोप मागे घेतला गेला. लोकांनी आम्हांस हार घातले.

परंतु त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. माल सदोष होता हे खरे. पण आमच्या गड्याने रिंग मोजली नव्हती, हेही तितकेच खरे. त्याला विचारले, तर तो म्हणाला, "दादा, गेज सगळ्या खात्यात एकच. ते फोरमनसाहेबांच्या कपाटात, अन् कपाटाला कुलूप. दिवसाचं काम मोजून द्यायचं. किल्ली कधी मागू?" आम्ही तोवर बोनससाठी भांडलो, जादा कामाच्या पैशांसाठी भांडलो. प्रत्येक बाकावर एक गेज हवे आणि मोजायला अर्धा तास हवा, ही मागणी आमच्या एकाही निवेदनात नव्हती. पुढच्या निवेदनात ती पहिली लिहिली. गेजे मिळाली, अर्ध्या तासासाठी मात्र फार काळ झगडावे लागले.

आज बाजारात अस्सलसारख्या वेष्टनात नकली माल येतो. वेष्टनाने फसगत होते. मापाने सहसा होत नाही. तेव्हा शेवगावच्या स्टँडवर आपण गाडीत बसाल, तेव्हा ती बांधणाऱ्यास मोजण्याचे हत्यार आणि मोजण्यापुरता वेळ मिळाला होता का, एवढे जरूर विचारा. हा प्रश्न केवळ कामगाराचा नाही. गाडीत बसलेली लेकरे आपली आहेत.