लिव्हरवाली स्वस्त पॉइंट टू-टू रायफल घ्यायची म्हणता? आधी परवाना कशासाठी, ते ठरवा

कन्नड, सोयगाव, खुलताबाद पट्ट्यात मका कणसात आला की रात्रीची राखण सुरू होते. गौताळा अभयारण्याच्या कडेला ज्यांची शेती आहे त्यांना रानडुकरं आणि रोही काय करतात ते सांगायची गरज नाही. अशात मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ दिसतात. दस्त्याखालची कडी पुढे ढकलली, मागे ओढली, की दुसरी गोळी तयार. मग ग्रुपवर विचारणा होते, "अशी स्वस्तातली कुठं मिळंल?"

हिला लिव्हर अ‍ॅक्शन रायफल म्हणतात. त्यातली हलकी आणि स्वस्त ती पॉइंट टू-टू, म्हणजे .२२ बोअरची. तिच्या काडतुसाच्या बुडाच्या कडेतच पेटणारा मसाला असतो आणि घोडा त्या कडेवर आपटतो, म्हणून तिला रिमफायर म्हणतात. अमेरिकेत हेन्री, मार्लिन, रॉसी या कंपन्यांच्या अशा रायफली शेतकऱ्यांच्या घरात सर्रास असतात. आपल्याकडे मात्र सामान्य परवानाधारकाला परदेशातून हत्यार मागवता येत नाही. ती सवलत नामांकित नेमबाजांपुरती आहे. म्हणजे इथे लिव्हरवाली मिळाली तर जुनी, कुणाच्या तरी परवान्यावरची. नवीन .२२ घ्यायची तर सरकारी आयुध कारखान्याची, आणि ती बोल्टची.

पण रायफल कोणती, याच्या आधी परवाना कशासाठी हा प्रश्न येतो. शस्त्र कायदा १९५९ चं कलम १३ इथे कामाचं आहे. पीक संरक्षणासाठी कायद्याने धरलेलं हत्यार म्हणजे ठासणीची बंदूक. ती पुरणार नाही असं परवाना अधिकाऱ्याला पटलं, तर किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे आपली बारा बोअर वगैरे. पीळदार नळीच्या रायफलीचं नाव त्या तरतुदीत नाही. .२२ चा सरळ रस्ता नेमबाजीच्या सरावाचा आहे, आणि त्यासाठी मान्यताप्राप्त रायफल क्लबचं सभासदत्व लागतं. "डुकरं मारायला .२२ द्या" असा अर्ज केला तर तो अडकण्याचीच शक्यता जास्त.

आणि खरं सांगायचं तर ती त्या कामाची नाहीच. .२२ लाँग रायफलची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची. मोठं रानडुक्कर तिने पडत नाही, जखमी होतं आणि उसात जाऊन बसतं. सकाळी पाणी धरायला गेलेल्या माणसावर तेच धावून येतं. उलट नेम चुकला तर हीच बारकी गोळी दोन किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते. आपल्याकडे दोन किलोमीटरच्या आत किती वस्त्या आहेत ते मोजा.

बंदूक असली म्हणून जनावर मारता येतं, असंही नाही. रानडुक्कर आणि रोही दोन्ही वन्यजीव कायद्यात आहेत. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावरासाठी वन विभागाची लेखी परवानगी वेगळी घ्यावी लागते. काळवीट तर पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्या वाटेला जाऊच नका.

ग्रामीण भागात परवाना जिल्हाधिकारी देतात, शहर हद्दीत पोलीस आयुक्त. वय २१ पूर्ण लागतं. अर्जासोबत शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, हत्यार घरात नीट ठेवण्याची हमी आणि डॉक्टरचा शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचा दाखला हे तीन कागद विसरू नका. मग पोलिसांची चौकशी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात आणि परवाना ५ वर्षांचा असतो.

सगळ्यात स्वस्त हत्यार कुठलं विचाराल, तर बऱ्याचदा ते घरातच असतं. आजोबांची बंदूक. परवानाधारक वारला असेल, किंवा त्याचं वय ७० झालं असेल, किंवा त्याने ते हत्यार २५ वर्षं बाळगलं असेल, तर वारसाला स्वतःच्या नावाने परवाना मागता येतो. मात्र आजोबा गेले आणि बंदूक तशीच माळ्यावर राहिली, हे चालत नाही. ती आधी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करायची आणि पावती घ्यायची. विनापरवाना हत्याराला आता २ ते ५ वर्षं शिक्षा आहे, आणि "वडिलोपार्जित आहे साहेब" एवढ्यावर सुटका होत नाही.

क्लबचे सभासद आहात, .२२ चा परवाना हातात आहे आणि जुनी लिव्हरवाली समोर आलीय, तर घाई करू नका. विकणाऱ्याने जिल्हाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबायचं असतं. नळीतून उजेडाकडे बघा, खाचा स्वच्छ दिसल्या पाहिजेत. लिव्हर चालवून रिकामं काडतूस झटक्यात बाहेर पडतं का ते पाहा, कारण ते ओढणारा आकडा झिजला तर जुन्या रायफलीचा सुटा भाग मिळणं अवघड. नळीवर 'लाँग रायफल' लिहिलंय की 'मॅग्नम' ते वाचा, ही काडतुसं एकमेकांच्या जागी चालत नाहीत. आणि रिकामा घोडा दाबून बघायचा मोह आवरा. रिमफायरची पिन थेट नळीच्या काठावर आपटते आणि तो काठ दबतो.

नुसती हौस असेल तर ४.५ मिलिमीटर म्हणजे .१७७ बोअरची, २० ज्यूलच्या आतली एअर रायफल घ्या. तिला शस्त्र परवाना लागत नाही. तिनेही पाखरं मारली तर गुन्हाच, हे पोरांना आधीच सांगून ठेवा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटरमध्ये कांस्य जिंकलं ते .२२ वरच. गावातल्या पोराला नाद असेल तर त्याला त्या वाटेने जाऊ द्या.

राहिलं पिकाचं. वन्यप्राण्याने नुकसान केलं तर ३ दिवसांच्या आत जवळच्या वनरक्षक, वनपाल किंवा वनक्षेत्रपालाकडे अर्ज द्या. सातबारा जोडा, पंचनामा होईपर्यंत आडवं झालेलं पीक उचलू नका, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नका.