एल रेनोच्या तव्यावरचा कांदा

अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यात, ओक्लाहोमा सिटी या राजधानीच्या पश्चिमेस सुमारे ४० किलोमीटरवर एल रेनो नावाचे एक लहान शहर आहे. या शहराचे नाव ज्या पदार्थाशी कायमचे जोडले गेले आहे, त्याला तेथे ‘फ्राइड अनियन बर्गर’ म्हणतात: गोमांसाच्या खिम्याचा गोळा तापलेल्या तव्यावर ठेवायचा, त्यावर जवळजवळ तेवढाच पातळ चिरलेला कांदा रचायचा, दोन्ही एकत्र दाबून चपटे करायचे, कांदा मांसाच्याच चरबीत तपकिरी होऊ द्यायचा आणि ती चकती मऊ गोल पावात घालून खायला द्यायची. हलाखीच्या दिवसांत मांस पुरवठ्यास यावे म्हणून त्यात कांदा घातला गेला, एवढ्या एका वाक्यात या पदार्थाचा इतिहास बहुधा उरकला जातो. हे वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे. कारण खिमा आणि परतलेला कांदा यांची सोबत त्या हलाखीच्या कितीतरी आधीची आहे. टंचाईने बदलले ते दोहोंचे प्रमाण आणि तव्यावरची त्यांची जागा, आणि या दोन बदलांतूनच एक वेगळा पदार्थ घडला.

या जुन्या सोबतीचा एक स्पष्ट पुरावा बॉस्टन शहरात मिळतो. तेथील ‘बॉस्टन कुकिंग स्कूल’ या पाकशाळेच्या प्रमुख मेरी लिंकन यांनी १८८४ साली प्रसिद्ध केलेल्या पाकपुस्तकात ‘हॅम्बर्ग स्टेक’ची कृती दिलेली आहे. हॅम्बर्ग हे उत्तर जर्मनीतील बंदर; एकोणिसाव्या शतकात लाखो स्थलांतरित त्या बंदरातून अमेरिकेला गेले आणि कुटलेल्या किंवा बारीक केलेल्या मांसाच्या पदार्थाला अमेरिकेत त्या बंदराचे नाव चिकटले. लिंकन यांच्या कृतीत मांसाचा काप कुटून त्याचे तंतू मोडायचे, दोन-तीन बारीक चिरलेले कांदे लोण्यात किंचित तांबूस होईपर्यंत परतून त्यावर पसरायचे, काप दुमडून पुन्हा कुटायचा आणि जाळावर दोन-तीन मिनिटे भाजून काढायचा, असा क्रम आहे. येथे पाव नाही आणि दळलेला खिमाही नाही, मात्र परतलेला कांदा मांसाच्या पोटात आहे, आणि तो एका मध्यमवर्गीय घरगुती स्वयंपाकघरात, काटकसरीसाठी नव्हे तर चवीसाठी घातलेला आहे.

कुटण्याचे कष्ट यंत्राने संपवले. फिलाडेल्फियाच्या एंटरप्राइज मॅन्युफॅक्चरिंग कंपनीसारख्या कारखान्यांनी १८८०च्या दशकात टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळून बसवायची, हाताने फिरवायची खिम्याची यंत्रे घरोघरी पोचवली, आणि चिवट म्हणून स्वस्तात विकले जाणारे मांस त्यामुळे चावण्याजोगे झाले. त्याच सुमारास मांसाचा पुरवठाही वाढला होता: शिकागोचा ‘युनियन स्टॉक यार्ड्स’ हा गुरांचा विशाल बाजार १८६५च्या नाताळात सुरू झाला होता, आणि १८७०च्या दशकाच्या अखेरीस गुस्टाव्हस स्विफ्ट या व्यापाऱ्याने बर्फाने थंड ठेवलेल्या रेल्वेच्या डब्यांतून कापलेले मांस दूरच्या शहरांत पाठवण्याची व्यवस्था बसवली होती. खिम्याची चकती पावात प्रथम कोणी घातली, यावर कनेक्टिकट, विस्कॉन्सिन, टेक्सास आणि ओहायो येथील निरनिराळी घराणी हक्क सांगतात. जत्रेत आणि कारखान्याच्या फाटकाशी उभ्याने खाणाऱ्या गिऱ्हाइकाला ताटलीऐवजी पाव देणे ही इतकी साहजिक गोष्ट होती की ती अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे सुचली असावी, असे मानणेच अधिक सयुक्तिक ठरते.

विसाव्या शतकाच्या आरंभी मात्र खिम्याची प्रतिष्ठा फार खालावली. अप्टन सिंक्लेअर यांच्या ‘द जंगल’ या कादंबरीने १९०६ साली शिकागोच्या मांसकारखान्यांतली घाण जगापुढे आणली आणि त्याच वर्षी जून महिन्यात अमेरिकेत मांसतपासणीचा कायदा झाला. तरीही दळलेल्या मांसात नेमके काय मिसळले आहे ते डोळ्यांना दिसत नाही, ही शंका गिऱ्हाइकाच्या मनातून गेली नाही. ही शंका दूर करण्याचा सर्वांत पद्धतशीर प्रयत्न कॅन्सस राज्यातील विचिटा शहरात झाला. वॉल्टर अँडरसन हा आचारी १९१६पासून तेथे एका लहानशा टपरीवर खिम्याचे गोळे अतिशय तापलेल्या तव्यावर उलथन्याने चपटे करून, त्यांत कांद्याचे तुकडे दाबून विकत असे. १९२१ साली त्याने बिली इंग्रम या व्यावसायिकाबरोबर ‘व्हाइट कॅसल’ ही उपाहारगृहांची साखळी काढली. पांढऱ्याशुभ्र भिंती, गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर चालणारा तवा आणि ५ सेंट ही किंमत यांवर तिचा जम बसला. खिमा अपायकारक नाही हे पटवण्यासाठी इंग्रम यांनी १९३० साली मिनेसोटा विद्यापीठात एक प्रयोगही करवला, ज्यात एका वैद्यकीय विद्यार्थ्याने तेरा आठवडे केवळ व्हाइट कॅसलचे बर्गर आणि पाणी यांवर काढले.

या साखळीत पुढे कांद्याचा थर तव्यावर अंथरून त्याच्या वाफेवर मांस शिजवण्याची रीत रूढ झाली. त्या रीतीत कांदा मऊ होतो, सुगंध देतो, पण फिकाच राहतो. एल रेनोचा कांदा याहून वेगळा आहे, आणि हा वेगळेपणा समजण्यासाठी त्या शहराच्या रेल्वेकडे वळावे लागते.

एल रेनोचा पाया १८८९चा. त्या वर्षीच्या २२ एप्रिलला संघराज्य सरकारने ओक्लाहोमातील जमीन वसाहतीसाठी खुली केली आणि एका दिवसात हजारो लोक घोड्यांवरून व गाड्यांतून तिकडे धावले. मूळ अमेरिकन जमातींसाठी राखलेला प्रदेश असा तुकड्यातुकड्याने हिरावला जात असताना ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांपैकी ही एक. १९०१ साली कायोवा, कोमांची आणि अपाची यांच्या जमिनींची सोडतही याच गावात काढली गेली. ‘शिकागो, रॉक आयलंड अँड पॅसिफिक’, थोडक्यात ‘रॉक आयलंड’, या रेल्वे कंपनीच्या उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम धावणाऱ्या मार्गिका येथे एकमेकींना छेदत असल्यामुळे एंजिने व डबे दुरुस्त करण्याचे मोठे कारखाने येथे उभे राहिले आणि गावातील पुष्कळ कुटुंबांची चूल या कारखान्यांच्या पगारावर पेटू लागली. अडीचशे किलोमीटर उत्तरेकडचे विचिटा हेही याच कंपनीच्या मार्गावरचे स्थानक होते, हे विसरून चालणार नाही. रेल्वेचे कामगार, फिरते विक्रेते आणि आचारी ज्या मार्गाने ये-जा करत, त्याच मार्गाने तव्यावर खिमा आणि कांदा एकत्र दाबण्याची युक्तीही दक्षिणेकडे आली असण्याचा संभव मोठा आहे.

१ जुलै १९२२ रोजी अमेरिकेतील रेल्वे कारखान्यांचे सुमारे ४ लाख कामगार संपावर गेले. महायुद्धानंतरच्या मंदीचे कारण देऊन रेल्वे कामगार मंडळाने त्यांच्या वेतनात ताशी ७ सेंटची कपात केली होती. कंपन्यांनी बदली कामगार आणले, १ सप्टेंबरला न्यायाधीश जेम्स विल्करसन यांनी सरकारच्या अर्जावरून संपकऱ्यांविरुद्ध अत्यंत कडक मनाई हुकूम दिला, आणि शरद ऋतूत संप ठिकठिकाणी मोडत गेला. ज्या गावाची रोजीरोटी रेल्वेच्या कारखान्यावर होती, तेथे या संपाचा अर्थ दुकानदारापासून खाणावळवाल्यापर्यंत सर्वांना कळला. त्याच सुमारास गव्हाचे भावही युद्धकाळातील उंचीवरून निम्म्यावर घसरलेले असल्याने आसपासच्या शेतकऱ्याच्या खिशातही पैसा नव्हता. एल रेनोतील ‘हॅम्बर्गर इन’ या खाणावळीचे रॉस डेव्हिस यांनी या काळात ५ सेंटच्या बर्गरमध्ये मांस कमी करून कांदा भरपूर वाढवला, असे गावची परंपरा सांगते. या पदार्थाला ‘डिप्रेशन बर्गर’ म्हणण्याचाही प्रघात आहे, पण महामंदीची सुरुवात १९२९ची. ओक्लाहोमातील शेतकरी आणि रेल्वे कामगार यांची मंदी तिच्या सात-आठ वर्षे आधीच सुरू झाली होती, आणि या पदार्थाचे नाते त्या आधीच्या मंदीशी जोडणे अधिक न्याय्य आहे.

कांदा निवडला गेला तो स्वस्त होता म्हणून. तो किती स्वस्त होऊ शकतो, याचे एक टोकाचे उदाहरण अमेरिकेनेच पुढे पाहिले: व्हिन्सेंट कोसुगा आणि सॅम सीगल या दोन व्यापाऱ्यांनी १९५५ साली शिकागोच्या वायदेबाजारात कांद्याचा जवळजवळ सारा साठा हाती घेऊन नंतर भाव पाडले, तेव्हा ५० पौंडांचे जे पोते ऑगस्टमध्ये २.७५ डॉलरला विकले जात होते, ते पुढच्या मार्चमध्ये १० सेंटवर आले. शेतकऱ्यांच्या संतापामुळे १९५८ साली कांद्याच्या वायदेव्यवहारावर कायद्याने बंदी आली आणि ती आजही लागू आहे. लासलगावच्या बाजाराकडे डोळे लावून बसणाऱ्या महाराष्ट्रातील कांदा उत्पादकाला ही हकीकत परकी वाटणार नाही.

आता तव्यावर काय घडते ते जवळून पाहिले पाहिजे, कारण या पदार्थाचा खरा शोध तेथेच आहे. एल रेनोचा आचारी पिवळा कांदा इतका पातळ चिरतो की त्याच्या फोडी आरपार दिसाव्यात. खिम्याचा गोळा तव्यावर पडताच त्यावर कांद्याचा ढीग येतो आणि जाड पोलादी उलथन्याने सारा भार देऊन तो दाबला जातो. कांद्याच्या फोडी ओल्या खिम्यात रुततात आणि चकतीच्या कडा दातेरी, पातळ होतात. खालची बाजू तांबूस झाली की चकती खरवडून उलटली जाते, आणि येथेच जागांची अदलाबदल होते: कांदा खाली, तव्याला टेकलेला, आणि मांस वर. मांसातून पाझरणारी चरबी खालच्या कांद्यात उतरते, तर कांद्यातून सुटणारी वाफ मांसातून वर जाते. त्या वाफेवर पावाचे दोन्ही भाग पालथे ठेवले जातात, त्यामुळे पावही कांद्याच्या वासाने भरून मऊ होतो. भर म्हणून घातलेला कांदा येथे चरबी शोषणारा थर, वाफेचा स्रोत आणि करपट-गोड कवच अशी तीन कामे करतो, आणि मांस कमी असल्याची उणीव खाणाऱ्याला जाणवत नाही.

कांदा तपकिरी होण्यामागे दोन प्रक्रिया असतात. साखर तापून तिचे विघटन होते, तिला ‘कॅरॅमलायझेशन’ म्हणतात; तर साखर आणि प्रथिनांचे घटक यांच्या संयोगातून रंग व गंध तयार होतात, त्या प्रक्रियेला १९१२ साली तिचे वर्णन करणाऱ्या लुई-कामी मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचे नाव आहे. ताज्या कांद्यात दहापैकी जवळजवळ नऊ भाग पाणी असते, आणि ते उडून गेल्याशिवाय कांद्याचे तापमान १०० अंश सेल्सियसच्या वर चढत नाही, तर या प्रक्रियांना वेग येण्यासाठी त्याहून बरीच अधिक उष्णता लागते. म्हणूनच मराठी स्वयंपाकघरात कांदा गुलाबी होण्यास काही मिनिटे पुरतात, पण तो सर्वत्र सारखा, गडद तपकिरी आणि गोड होण्यास मंद आचेवर पाऊण तास लागतो. एल रेनोच्या आचाऱ्याकडे हा वेळ नसे. दाराशी पाळी सुटलेला कामगार उभा असे. त्याने वेळेची भरपाई पातळ चिरण्याने आणि तव्याच्या प्रखर उष्णतेने केली. त्यामुळे त्याचा कांदा एकसारखा गोड होत नाही: काही फोडी काळपट कुरकुरीत, काही मधासारख्या, काही नुसत्या वाफवलेल्या राहतात, आणि या असमानतेतच त्याची गोडी आहे.

मंद आचेच्या कांद्याची परंपरा कॅलिफोर्नियात वेगळ्या वाटेने वाढली. लॉस एंजेलिसचे उपाहारगृहचालक विल्यम ‘टायनी’ नेलर यांच्याशी निगडित असलेल्या ‘पॅटी मेल्ट’ या सँडविचमध्ये खिम्याची चकती, स्वतंत्रपणे सावकाश तपकिरी केलेला कांदा आणि स्विस चीज हे राय धान्याच्या पावाच्या दोन कापांमध्ये घालून सारे लोण्यात पुन्हा शेकले जाते. विसाव्या शतकाच्या मध्यावर, मोटारीत बसून खाणाऱ्या गिऱ्हाइकांच्या सुबत्तेच्या काळात, हा पदार्थ पुढे आला. येथे कांदा कशाचीही भर नाही, तो चैनीचा थर आहे.

एल रेनोने मात्र आपली रीत सोडली नाही. १९२६ साली शिकागो ते लॉस एंजेलिस हा ‘रूट ६६’ महामार्ग गावातून आखला गेला आणि रेल्वे कामगाराच्या जोडीला मोटारीने जाणारा प्रवासी गिऱ्हाईक म्हणून मिळाला. त्याच वर्षी ‘रॉबर्ट्स ग्रिल’ उघडले, १९४६ साली ‘जॉनीज ग्रिल’ आले, आणि दोन्हींत तीच पद्धत चालू राहिली. ३१ मार्च १९८० रोजी रॉक आयलंड रेल्वे कायमची बंद पडली, पण तिच्या कामगारांचे खाणे टिकले. आता दर वर्षी मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी गावात या बर्गरचा उत्सव भरतो आणि ८५० पौंडांचा, म्हणजे सुमारे ३८५ किलोंचा, एकच बर्गर भाजून वाटला जातो.

घरी हा पदार्थ करणाऱ्यापुढे खाणावळीच्या उलट अडचण असते: त्याच्यापाशी वेळ असतो, पण तेवढी आच नसते. घरच्या शेगडीवर पातळ पत्र्याचा तवा गार खिमा पडताच थंडावतो, मग कांदा तळला न जाता आपल्याच पाण्यात शिजतो. म्हणून अमेरिकेतील घरगुती कृतींत उष्णता धरून ठेवणारा बिडाचा जाड तवा वापरतात, कांदा चिरून त्याला मीठ लावतात आणि सुटलेले पाणी घट्ट पिळून टाकतात. खिमा फार कोरडा नको, त्यात पाचव्या हिश्शाइतकी चरबी असावी लागते, अन्यथा खालच्या कांद्याला तळण्यासाठी काही उरत नाही. चकती एकदाच, पहिल्या अर्ध्या मिनिटात, मांस कच्चे असतानाच दाबायची असते. मांस शिजू लागल्यावर दाबले तर रस तव्यावर वाहून जातो. आणि तिच्यावर पाव ठेवल्यानंतर ज्वाला किंचित कमी केली, तर करपण्याच्या आत कांद्याला आणखी दोन मिनिटे मिळतात.