तापचित्रण, प्रयोगशाळेतील प्राण्यांचे
प्रयोगशाळेतील प्राण्याच्या शरीरातून बाहेर पडणारे अवरक्त प्रारण कॅमेऱ्याने टिपून, त्याला स्पर्श न करता तापमान मोजण्याची पद्धत. अवरक्त प्रारणाचा शोध विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये लावला [→ अवरक्त प्रारण]. गुदद्वारात तापमापी घालण्याच्या रूढ पद्धतीत उंदीर हाताने धरावा लागतो. त्या ताणानेच त्याचे तापमान सुमारे १° से. वाढू शकते आणि मोजमाप बिघडते.

कॅमेरा सामान्यतः ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीचे प्रारण टिपतो. अंगावरील केसांमुळे त्वचेची उष्णता झाकली जाते, म्हणून डोळा, कान किंवा केस काढलेला भाग मोजमापासाठी निवडतात. उंदराच्या शेपटीवर केस विरळ असतात. तेथील रक्तवाहिन्या रुंदावल्या की ती चित्रात उजळ दिसते, आकुंचन पावल्या की पार्श्वभूमीत मिसळून जाते [→ तापनियमन]. पिंजऱ्याचे नेहमीचे जाड प्लॅस्टिक व काच या प्रारणाला अपारदर्शक असल्याने झाकण उघडावे लागते. मिळणारे तापमान पृष्ठभागाचे असते; शरीराच्या गाभ्याचे तापमान म्हणून ते थेट धरता येत नाही.

रसेल व बर्च यांनी १९५९ मध्ये प्राणिप्रयोगांसाठी मांडलेल्या तीन तत्त्वांपैकी यातना कमी करण्याच्या तत्त्वाशी ही पद्धत सुसंगत आहे [→ प्राणिप्रयोग]. संसर्गाच्या प्रयोगांत शरीराचे घसरते तापमान ही प्राण्यावरील प्रयोग थांबवण्याची एक खूण मानतात; ती स्पर्श न करता टिपण्यास ही पद्धत उपयोगी पडते.