समुद्राखेरीज ज्यांना थडगे नाही

मुंबईच्या मशीद बंदराजवळ इंडियन सेलर्स होम नावाची खलाशांच्या निवाऱ्याची जी वास्तू आहे, तीत पहिल्या महायुद्धात प्राणास मुकलेल्या दोन हजारांहून अधिक दर्यावर्दींची, तसेच दुसऱ्या महायुद्धातील हिंदी आरमाराच्या सुमारे चारशे आणि व्यापारी जहाजांवरील सहा हजारांहून अधिक खलाशांची स्मृती जतन केलेली आहे. आणि या सर्वांना एकत्र आणणारी गोष्ट एवढीच की, समुद्राखेरीज त्यांना दुसरे थडगे नाही.

१७५६ साली विजयदुर्ग पडला, तेथेच आपल्या आरमाराची कथा संपली, असे समजण्याचा आपल्याकडे प्रघात आहे, आणि तो मला अन्यायाचा वाटतो. ध्वज बदलला, मराठी आरमाराचे सरखेल गेले. परंतु सुकाणू धरणारे हात पुष्कळ अंशी त्याच किनाऱ्याचे राहिले. २ ऑक्टोबर १९३४ रोजी 'रॉयल इंडियन मरीन'चे 'रॉयल इंडियन नेव्ही' असे नामांतर झाले, त्यापूर्वीपासून त्या नोकरीतील खलाशांचा भरणा मुख्यत्वे रत्नागिरी जिल्ह्यातून, आणि त्यातही कोकणी मुसलमानांतून होत असे. खाडीच्या काठी जन्मलेल्या मुलाला भरती-ओहोटी आणि वाऱ्याचा रोख शिकवावा लागत नाही. आणि भाताच्या तुटपुंज्या खाचरावर ज्या घराचे भागत नव्हते, त्याला दरमहा येणारी मनीऑर्डर हाच मोठा आधार होता.

१९३९ च्या सप्टेंबरात युद्ध जाहीर झाले, तेव्हा हे आरमार अगदी लहान होते. पुढल्याच वर्षी, इटली युद्धात उतरून पंधरवडाही लोटला नसेल, तोच त्याची 'पठाण' ही गस्तीची नौका मुंबईनजीकच्या समुद्रात बुडाली. महिना जूनचा. पावसाळ्यामुळे कोकणच्या आगबोटी त्या दिवसांत बंद असत, आणि बंदरातली माणसे ज्या समुद्राकडे पाहून नौका केव्हा ओढाव्यात याचा अदमास घेत, त्याच समुद्राने घरचा माणूस नेल्याचे वर्तमान त्यांना घाट उतरून आलेल्या टपालाने कळावयाचे.

रणांगणावर पडलेल्याची निदान जागा सांगता येते. बुडालेल्या खलाशाच्या बाबतीत दफ्तरी शेरा पडे तो 'बेपत्ता, मृत समजावा' असा. आणि त्या 'समजावा' या एका शब्दावर वारसाचा अर्ज, पेन्शन आणि एका स्त्रीचे वैधव्य अवलंबून असे. शांततेच्या काळी, २०२४ पर्यंत लागू असलेला १८७२ चा पुराव्याचा कायदा असा इसम मृत मानण्यास सात वर्षांची मुदत मागत असे. युद्धात सरकारचा हुकूम लवकर येई, पण आईचे मन सरकारी हुकूम मानीत नाही.

प्रेताविना अंत्यविधी कसा करावा, याचा विचार मात्र या किनाऱ्यावरील दोन्ही धर्मांनी फार पूर्वी करून ठेवला होता. कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. त्या पंथात दूर मरण पावलेल्याची गायबाना जनाजाची नमाज संमत आहे, आणि विधवेने चार महिने दहा दिवसांची इद्दत पाळावयाची. हिंदू घरांसाठी शास्त्राने पालाशविधी सांगितला आहे : पळसाच्या पानांची मनुष्याकृती रचून तिलाच अग्नी द्यावयाचा. पत्रात इंग्रजी तारीख असली तर भटजी तीवरून तिथी काढून देत. जहाज कोणत्या दिवशी गेले हेच जेथे कळले नाही, तेथे त्या खलाशाचे पान भाद्रपदातील सर्वपित्री अमावास्येला, इतर पूर्वजांच्या पंक्तीत मांडले जाई.