एचएमटी धान आणि बियाण्याचा ग्राहक

ग्राहकाचा हक्क म्हटला की दुकान आणि पावती आठवते. सिंदेवाहीच्या धानपट्ट्यात मला हा प्रश्न बांधीत उभा दिसतो. बियाणे विकत घेणारा शेतकरीही ग्राहकच. पण कोणते वाण चांगले, हे ठरवताना त्याला कोण विचारते?

सिंदेवाहीला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे भात संशोधन केंद्र आहे. शेजारच्या नागभीड तालुक्यातील नांदेडचे दादाजी खोब्रागडे हे जेमतेम दीड एकराचे शेतकरी. १९८३ मध्ये ‘पटेल ३’ धानात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या जपून त्यांनी वर्षानुवर्षे निवडून पेरल्या. दाणा बारीक, उत्पन्न चांगले. गावोगावी बियाणे पसरले, आणि बाजारात तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून धानाला ‘एचएमटी’ नाव पडले. १९९४ मध्ये सिंदेवाही केंद्राने दादाजींकडून पाच किलो बियाणे नेले. १९९८ मध्ये ‘पीकेव्ही एचएमटी’ प्रसारित झाले. बियाणे शुद्ध आम्ही केले, असे विद्यापीठाचे म्हणणे. दादाजी २०१८ मध्ये वारले, तोवर श्रेयाचा वाद गाजतच होता.

ही कथा एका माणसावरील अन्यायाची म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. पेरणाऱ्यांनी, विकणाऱ्यांनी आणि खाणाऱ्यांनी या वाणाला सरकारी शिक्क्याआधीच पसंती दिली होती. त्या पसंतीची नोंद मात्र कोणत्याच रकान्यात नव्हती.

१९६६ च्या बियाणे कायद्याने केंद्रीय समितीवर बीजोत्पादकांचे किमान दोन प्रतिनिधी ठेवले. बियाणे विकत घेणाऱ्यांसाठी तशी जागा ठेवली नाही. २००१ च्या वाणसंरक्षण कायद्याने प्राधिकरणावर शेतकरी, आदिवासी आणि महिला संघटनांचे प्रतिनिधी आणले, बियाणे राखण्याचा व देण्याघेण्याचा हक्कही मान्य केला. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात, बियाणे घेणारा शेतकरी ग्राहकच आहे, असा निर्वाळा दिला.

पण भरपाई मिळते ती पीक बुडाल्यावर. रोवणीचा हंगाम गेला की वर्ष गेले. म्हणून वाण प्रसारित होण्याआधीच ते शेतकऱ्यांच्या बांधीत लावावे, भात कसा शिजतो आणि तणस जनावरे खातात का, हे त्या घरांतील बायांना विचारावे, आणि त्यांचे उत्तर निर्णयाच्या कागदावर लिहावे.