तबकडीवाचून प्लेस्टेशन

सोनी कंपनीने ३ डिसेंबर १९९४ रोजी जपानमध्ये प्लेस्टेशन हे कन्सोल, म्हणजे दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळावयाचे स्वतंत्र संगणकीय यंत्र, बाजारात आणले. त्यापूर्वीचे बहुतेक खेळ कार्ट्रिजमधून येत; भारतीय घरांत ‘कॅसेट’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या प्लास्टिकच्या डबीत चिप बसवलेली असे, ती बनवणे महाग पडे आणि तिच्यात माहितीही थोडीच मावे. सीडीची तबकडी छापणे त्या मानाने अतिशय स्वस्त होते आणि तिच्यात सुमारे ६५० मेगाबाइट माहिती मावत असल्यामुळे चित्रफिती व ध्वनिमुद्रित संगीत यांना खेळांत मुबलक जागा मिळाली. मात्र जी स्वस्ताई उत्पादकाच्या पथ्यावर पडली तीच नक्कल करणाऱ्याच्याही पथ्यावर पडली, कारण दशक संपण्यापूर्वीच कोऱ्या सीडी आणि त्यांवर लिहिणारा सीडी रायटर सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आले.

नकलेला पायबंद घालण्यासाठी सोनीने योजलेली युक्ती तांत्रिकदृष्ट्या विलक्षण देखणी होती, आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास उलगडत नाही. सीडीवरील माहिती सूक्ष्म खळग्यांच्या एका सर्पिल मार्गावर नोंदलेली असते. अस्सल प्लेस्टेशन तबकडीच्या सर्वांत आतल्या भागात या मार्गाला मुद्दाम अतिसूक्ष्म नागमोडी वळण दिलेले असे आणि त्या वळणांत चार रोमन अक्षरांचा एक संकेत दडवलेला असे : जपानसाठी एससीईआय, अमेरिकेसाठी एससीईए आणि युरोपसाठी एससीईई. लेसर मार्गाचा मागोवा घेत असताना यंत्र हा संकेत टिपून घेई आणि तो जुळला तरच खेळ सुरू होई. संगणकातील सीडी ड्राइव्ह मात्र मार्गातील अशी थरथर आपोआप सावरून घेतो आणि केवळ खळग्यांतील माहिती पुढे धाडतो. त्यामुळे खेळाची सगळी माहिती नव्या सीडीवर तंतोतंत उतरली, तरी संकेत मागेच राही. तबकडीच्या काळ्या रंगातच संरक्षण आहे, असा समज त्या काळी दृढ होता. वस्तुतः लेसरच्या अवरक्त प्रकाशाला तो रंग पारदर्शकच होता.

या व्यवस्थेला पहिले भगदाड पाडले ते मॉडचिपने. मॉडचिप म्हणजे यंत्राच्या सर्किटवर डाख देऊन जोडलेला, बहुधा आठ पायांचा, छोटा मायक्रोकंट्रोलर. तबकडीवरून यावयाचा संकेत तो स्वतःच यंत्राला पुरवी. ज्यांना चिप बसवायची नसे, ते झाकणाचा खटका दाबून ठेवत, अस्सल तबकडीची तपासणी उरकू देत आणि नेमक्या क्षणी ती काढून दुसरी ठेवत. उत्पादकांनी पुढे चिपचा सुगावा लावणाऱ्या तपासण्या खेळांतच घातल्या, तर चिप बनवणाऱ्यांनी काम होताच गप्प बसणाऱ्या चिपा काढल्या. या सगळ्या व्यवहारात चोरट्या नकलेचा वाटा मोठा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांनी चिप बसवलेली यंत्रे आणि नकली सीडी पुष्कळ पाहिल्या आहेत. परंतु त्याच चिपमुळे जपानमध्ये रीतसर विकत घेतलेला खेळ अमेरिकी यंत्रावर चालू लागला, आणि ग्राहकाची ही गरज न्याय्य होती.

दुसरा टप्पा इम्युलेटरचा. एका यंत्राचे वर्तन दुसऱ्या यंत्रावर हुबेहूब घडवून आणणाऱ्या प्रोग्रामला इम्युलेटर म्हणतात. कॅलिफोर्नियातील कनेक्टिक्स कंपनीचा ‘व्हर्च्युअल गेम स्टेशन’ हा असा प्रोग्राम जानेवारी १९९९ मध्ये मॅकवर्ल्ड प्रदर्शनात स्टीव्ह जॉब्स यांनी व्यासपीठावरून जाहीर केला आणि प्लेस्टेशनचे खेळ मॅकिंटॉश संगणकावर चालू लागले. त्याच महिन्यात सोनीने दावा दाखल केला. प्लेस्टेशनचे बायोस, म्हणजे यंत्र सुरू होताच चालणारा मूलभूत प्रोग्राम, अभ्यासासाठी कनेक्टिक्सने वारंवार उतरवून घेतले होते, जरी विक्रीच्या प्रोग्राममध्ये सोनीची एकही ओळ नव्हती. खालच्या न्यायालयाने मनाई हुकूम दिला. अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या, म्हणजे न्यायालयीन विभागाच्या, अपील न्यायालयाने १० फेब्रुवारी २००० रोजी तो उठवला आणि अशी मधली नक्कल ‘न्याय्य वापर’ ठरते, असा निर्वाळा दिला. विजय कागदावरच राहिला, कारण २००१ मध्ये सोनीने तो प्रोग्रामच विकत घेऊन बंद केला, आणि ‘ब्लीम’ हा प्रतिस्पर्धी इम्युलेटर काढणारी छोटी कंपनी खटल्यांच्या खर्चाने त्याच वर्षी बुडाली. निकालाचे तत्त्व मात्र टिकले.

तबकडी यानंतरही आवश्यकच होती. तिच्यापासून सुटका केली ती ‘इमेज’ने, म्हणजे तबकडीवरील प्रत्येक सेक्टर क्रमाने वाचून तयार केलेल्या फाइलने. या कामामागे केवळ सोय नव्हती. सीडीचा परावर्तक थर अ‍ॅल्युमिनियमचा असतो आणि वरचे लाखेचे आवरण दुखावले की तो गंजू लागतो. यंत्रेही झिजतात, आणि सुरुवातीच्या प्लेस्टेशनमधील लेसरची प्लास्टिकची घसरपट्टी झिजल्यावर यंत्र उलटे ठेवून खेळण्याची वेळ अनेकांवर आली. ‘रीडंप’ या हौशी संघटित प्रकल्पाने म्हणूनच कसोशीचे नियम घालून घेतले : प्रत्येक इमेजची गणिती बेरीज नोंदवायची आणि वेगळ्या प्रतीवरून घेतलेली दुसरी इमेज तिच्याशी जुळली की मगच ती खात्रीची मानायची. युरोपीय तबकड्यांत नकलेविरुद्ध मुद्दाम पेरलेले दोषही त्यांनी दोष म्हणून पुसले नाहीत, तर मूळ वस्तूचा भाग म्हणून नोंदून ठेवले. ग्रंथसंपादक पाठभेदांबाबत जी निष्ठा बाळगतो, तीच ही निष्ठा आहे. आज ‘एक्सस्टेशन’सारखी जोडणी सीडी ड्राइव्हच्या जागी बसवली की मूळ यंत्र अशी इमेज मेमरी कार्डावरून वाचते.

कायद्याची उत्तरे देशागणिक वेगळी आली. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने, जे त्या देशाचे सर्वोच्च न्यायपीठ आहे, २००५ मध्ये असे ठरवले की प्लेस्टेशनची तपासणी नक्कल करण्याला रोखत नाही, केवळ नक्कल केलेली तबकडी चालवण्याला रोखते, म्हणून मॉडचिप त्या वेळच्या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. भारताच्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ संगणक प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला हानीपासून बचावासाठी राखीव प्रत करू देते. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ संरक्षणयंत्रणा मोडण्याला शिक्षा सांगते, पण कायद्याने स्पष्टपणे निषिद्ध न केलेल्या हेतूंना सूटही देते. स्वतः विकत घेतलेल्या तबकडीची इमेज काढून ठेवणारा आणि आजही विक्रीत असलेला खेळ फुकट उतरवून घेणारा यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे. शिवाय बहुसंख्य जुन्या खेळांबाबत खरेदीचा मार्गच उरलेला नाही : व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ मधील पाहणीनुसार अमेरिकेत २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत.

सोनीने स्वतः ३ डिसेंबर २०१८ रोजी, मूळ यंत्राच्या चोविसाव्या वाढदिवशी, ‘प्लेस्टेशन क्लासिक’ ही छोटी आवृत्ती विक्रीला काढली. तिच्यात वीस खेळ आधीच भरलेले होते, तबकडी घालण्याची सोयच नव्हती, आणि ते खेळ चालवण्यासाठी वापरलेला प्रोग्राम होता ‘पीसीएसएक्स रीआर्म्ड’, हौशी प्रोग्रामरांनी लिहून सर्वांसाठी खुला ठेवलेला इम्युलेटर.