२७ जुलै २०१० : बीपीच्या प्रमुखांना निरोप

मेक्सिकोच्या आखातातील तेलगळतीनंतर बीपी कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी टोनी हेवर्ड पायउतार होणार असल्याचे आजच्या दिवशी जाहीर झाले. २० एप्रिलला ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलफलाटावर स्फोट होऊन ११ कामगारांचा बळी गेला होता. फुटलेल्या विहिरीतून ८७ दिवस तेल समुद्रात वाहत राहिले. कंपनीने नुकसानीपोटी ३२ अब्ज डॉलरची तरतूद केली. हेवर्ड यांना मात्र वर्षभराचा पगार, म्हणजे १० लाख ४५ हजार पौंड, देण्याचे ठरले. शिवाय वर्षाला सुमारे ६ लाख पौंडांचे निवृत्तिवेतन. तेव्हा गळतीमुळे आखाताकाठच्या लुइझियानाच्या कित्येक मच्छीमारांना समुद्रात जाळे टाकायलाही बंदी होती. हा हिशेब आजही मनाला पटत नाही. १ ऑक्टोबरला हेवर्ड यांच्या जागी रॉबर्ट डडली यांनी कंपनीची सूत्रे हाती घेतली.